जूनचा मास्टर पीस : इंग्रजी शिकतानाच्या प्रकल्प नोंदी

६ जून २०२४, गुरुवार

आज सुट्टी. नवी वही काढली आणि पहिल्या पानावर लिहिलं : प्रकल्प – इंग्रजी बोलणं. मुदत – पुढच्या वर्षीचा पाडवा.

कशासाठी, ते आधी लिहून ठेवतो. मी चाकणच्या एका कारखान्यात फायनल इन्स्पेक्शनला आहे. आयटीआय टर्नर, सतरा वर्षं सर्व्हिस. आम्ही शाफ्ट, म्हणजे यंत्रांत फिरणारे दांडे, बनवतो, त्यातला बराच माल परदेशात जातो. गेल्या महिन्यात तिकडच्या कस्टमरला एका लॉटमध्ये बर, म्हणजे कापल्यावर कडेला राहिलेली धातूची बारीक धारदार कड, सापडली. ती कुठल्या मशीनवर आली, इन्सर्ट (कापणारं टोक) कधी बदलायचा राहिला, सगळं मला माहीत होतं. ऑनलाइन मीटिंगला मी साहेबांच्या शेजारीच बसलो होतो. पलीकडून प्रश्न आला, साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्या तोंडून 'येस मॅडम, ओके मॅडम' यापुढे काही निघेना. मग उत्तर साहेबांनी दिलं. ते अर्धं चुकीचं होतं. माझी फजिती झाली याचं मला फारसं वाटलं नाही. पार्टबद्दल चुकीचं बोललं गेलं आणि ज्याला खरं माहीत होतं तो गप्प बसला, हे मात्र अजून बोचतंय.

इंग्रजी मी याआधी तीनदा सुरू केलं आणि तिन्ही वेळा दोन-अडीच महिन्यांत सोडलं. कारण दरवेळी एकच, 'काही फरकच पडत नाही.' आज पहिल्यांदा स्वतःला विचारलं : फरक पडत नाही हे मी कशावरून ठरवलं? मोजलं तर कधीच नव्हतं.

आमच्याकडे तपासणीची दोन तऱ्हांची हत्यारं असतात. एक गो-नोगो गेज. गो बाजू भोकात गेली पाहिजे, नोगो बाजू अडली पाहिजे. पार्ट एक तर पास, नाही तर रिजेक्ट. दुसरं मायक्रोमीटर. ते आकडा सांगतं, एका मिलिमीटरचा शंभरावा भागसुद्धा दाखवतं. मशीन सेट करताना गो-नोगो घेऊन बसलं तर आपण साइजच्या जवळ चाललोय की लांब, ते कळतच नाही, कारण शेवटचा पीस बसेपर्यंत प्रत्येक पीस रिजेक्टच दिसतो. 'तुला इंग्रजी येतं का?' हा गो-नोगोचा प्रश्न आहे. मी त्याच गेजने स्वतःला तीनदा तपासलं आणि तीनदा स्क्रॅपच्या पेटीत टाकलं.

म्हणून या वेळी आकडा घ्यायचा. दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी सकाळी नऊ वाजता, चहा झाल्यावर, माळवदावरच्या खोलीत फोनवर दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग करायचं. विषय कायम एकच : आमचा शाफ्ट बारपासून, म्हणजे कच्च्या धातूच्या दांड्यापासून, पॅकिंगपर्यंत कसा तयार होतो. तयारी करायची नाही, कागद समोर ठेवायचा नाही. नंतर ऐकून शब्दन् शब्द देवनागरीत उतरवायचा आणि मोजायचं – एकूण शब्द, दोन सेकंदांपेक्षा लांब थांबे, मराठीचा आधार किती वेळा घेतला, आणि चुका.

पहिलं रीडिंग : शब्द ६१. थांबे १७. मराठी ५. सापडलेल्या चुका ९.

फाइलला नाव दिलं 'मास्टर'. ही पुसायची नाही. ऐकायला कितीही लाज वाटली तरी.

१९ जून

रोजचा क्रम बसला आहे. राजगुरुनगरहून निघाल्यावर कंपनीच्या बसमध्ये कानाला हेडफोन, रात्री जेवणानंतर वीस मिनिटं मोठ्याने बोलणं. ऐकायला मुलगी असते. ती यंदा सातवीत गेली, सेमी इंग्रजी, म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. आज ती म्हणाली, "पप्पा, तुम्ही क्रियापद शेवटी टाकता." मी म्हणत होतो, 'आय मायक्रोमीटर टेक, शाफ्ट चेक.' मराठीत तेच बरोबर आहे : मी मायक्रोमीटर घेतो, शाफ्ट तपासतो. शब्द इंग्रजी होते, सांगाडा आपला होता. मला हे दिसलंच नव्हतं.

३० जून

काल रात्री वर्ल्ड कपची फायनल. घरात सगळ्यांना हिंदी कॉमेंट्री हवी होती, मी शेवटच्या पाच ओव्हरसाठी इंग्रजी लावून घेतली. शेवटच्या ओव्हरच्या पहिल्याच बॉलला सूर्यकुमारने बाउंड्रीवर मिलरचा कॅच धरला, बॉल आत फेकला, दोरीपलीकडे गेला, परत आत येऊन धरला. आख्खी आळी ओरडली. सात धावांनी जिंकलो.

मला त्या वेळी वाटलं, वा, कॉमेंट्री सगळी समजली! आज बसमध्ये तीच ओव्हर फोन पालथा ठेवून ऐकली. पूर्ण समजलेली वाक्यं चार. बाकी नुसते सुटे शब्द – कॅच, रोप, चॅम्पियन्स. काल डोळ्यांना समजत होतं आणि मी ते कानांच्या खात्यावर जमा करत होतो. हे माप फसवं निघालं, पण वहीत ठेवलं आहे. पुढची मोठी फायनल येईल तेव्हा फोन पालथाच ठेवायचा.

४ जुलै

शब्द ७०. थांबे १६. मराठी ४. चुका १०.

१ ऑगस्ट

शब्द ७२. थांबे १५. मराठी ४. चुका १२.

दोन महिन्यांत अकरा शब्द वाढले. चुकाही वाढल्या, म्हणून आनंद अर्धाच.

१२ ऑगस्ट

ऑफिसातून स्किल मॅट्रिक्सचा फॉर्म आला. त्यात इंग्रजीपुढे तीन चौकोन : उत्तम, बरं, येत नाही. मी 'येत नाही'वर खूण केली आणि दिवसभर मन त्यातच अडकून राहिलं.

रात्री शोधलं तर युरोपात यासाठी सहा पायऱ्यांची पट्टी आहे असं कळलं. युरोपच्या परिषदेने २००१ मध्ये ती छापली : ए-वन, ए-टू, बी-वन, बी-टू, सी-वन, सी-टू. मला त्यातली एक गोष्ट फार आवडली. प्रत्येक पायरीवर 'हा माणूस काय करू शकतो' ते लिहिलं आहे. ए-टूचा माणूस रोजच्या ठरलेल्या कामाबद्दल सोप्या, थेट शब्दांत देवाणघेवाण करू शकतो. बी-वनचा माणूस आपल्या म्हणण्याची थोडक्यात कारणं देऊ शकतो. म्हणजे 'बर आहे' हे सांगणं एका पायरीवरचं आणि 'बर का आली' हे सांगणं दुसऱ्या पायरीवरचं. मला नेमकं हे दुसरं हवंय.

शेजारी तासांचा अंदाजही होता. केंब्रिजच्या परीक्षा घेणारे सांगतात की शून्यापासून ए-टूला शिकवणीचे १८० ते २०० तास लागतात, बी-वनला ३५० ते ४००. मग मी माझे तास मांडले. रोज वीस मिनिटं म्हणजे महिन्याला दहा तास. मागे तिन्ही वेळा सोडलं तेव्हा माझे जेमतेम पंचवीस तास भरले होते. चारशे तासांच्या रस्त्यावर पंचवीसाव्या तासाला मी गाव आलं नाही म्हणून माघारी फिरलो होतो, तेही तीनदा. हा हिशोब मला आधी कुणी करून दाखवला असता तर!

आजपासून बसमधलं ऐकणंही नीट करायचं. नुसतं कानावर पडणं नको. वाक्य थांबवून पुटपुटायचं.

५ सप्टेंबर

शब्द ६६. थांबे १८. मराठी ३. चुका १९.

जूनपेक्षा पाच शब्द जास्त आणि चुका दुपटीहून अधिक. तीन महिने रोज रात्री बसलो त्याचं हे फळ. बायको म्हणाली, "अहो, परवा गणपती बसायचेत. आता चार दिवस ते राहू द्या." तिला माझा चेहरा दिसला असणार. वही कपाटात ठेवली.

१५ सप्टेंबर

वही परत काढली. कारण कामावरच घडलं. नवीन लागलेल्या पोराने एका पीसचं रीडिंग वर गेलेलं पाहिलं आणि लगेच मशीनचा ऑफसेट (मापाची सेटिंग) बदलला. मी त्याला बाजूला घेऊन सांगितलं, "एका रीडिंगवर मशीनला हात लावायचा नाही. चार्ट बघ. सलग सात पॉइंट एकाच बाजूला सरकले तर ट्रेंड. एक पॉइंट वर-खाली होणारच." हे बोलता बोलताच मला माझी वही आठवली. माझ्याकडे पॉइंट होते चार, आणि मी मशीन बंद करून बसलो होतो.

मग सप्टेंबरच्या एकोणीस चुकांचा पॅरेटो काढला, रिजेक्शनचा काढतो तसाच. कुठल्या प्रकारच्या चुका किती, उतरत्या क्रमाने. आणि मास्टरच्या नऊ चुकांशेजारी मांडला. जूनच्या नऊपैकी सहा चुका शब्दांच्या क्रमाच्या होत्या. सप्टेंबरमध्ये त्या प्रकारची फक्त एक. त्याऐवजी ज्या चुका आल्या त्या जूनमध्ये नव्हत्याच : 'वुई कटेड द बार', 'टूल ब्रेक्ड', 'दे चेक्स'.

आमच्या आळीत जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले एक सर आहेत, आरतीनंतर त्यांना वही दाखवली. सरांनी 'कटेड'वर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हे कुणी शिकवलं तुला?" कुणीच नाही. 'कट'चं भूतकाळात 'कट'च राहतं. "मग कुठून आलं? जूनमध्ये काय म्हणत होतास?" जूनमध्ये मी 'कट' म्हणत होतो, पण तेव्हा सगळंच तसं म्हणायचो. काल काय, आज काय, सगळीकडे 'कट', 'चेक', 'गो'. सर म्हणाले, "तेव्हा ते बरोबर होतं ते चुकून बरोबर होतं. आता नियम डोक्यात शिरलाय आणि तो जिथे नाही तिथेही लावतोयस. इंग्रज पोरंसुद्धा 'गो'चं आधी 'वेन्ट' म्हणतात, मग मध्येच 'गो'ला 'ड' जोडून 'गोड' म्हणायला लागतात, मग पुन्हा 'वेन्ट'वर येतात. मराठी पोर नाही का 'मी करलं' म्हणत?"

खरंच की! माझी पोरगी तीन वर्षांची असताना पुष्कळ दिवस 'करलं' म्हणत होती. आम्ही हसायचो. तिची मराठी बिघडली असं कुणालाच वाटलं नव्हतं.

'दे चेक्स'मधल्या त्या 'स'बद्दलही सरांनी सांगितलं. रॉजर ब्राउन नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने तीन मुलांचं बोलणं वर्षानुवर्षं टिपून १९७३ मध्ये मांडलं की 'चेकिंग', 'गोइंग'मधलं 'इंग' मुलांच्या बोलण्यात लवकर बसतं आणि 'ही चेक्स'मधला 'स' खूप उशिरा. इंग्रजी दुसरी भाषा म्हणून शिकणाऱ्यांनाही हा 'स' पुष्कळ दिवस दमवतो. नियम बघावा तर एका ओळीचा, पण बोलताना त्याच्याकडे लक्ष द्यायला डोक्यात जागाच उरत नाही.

कारखान्यात जुना दोष गेला आणि नवीन प्रकारचा आला की आम्ही काय म्हणतो? प्रोसेस बदलली. यापुढे चुकांचा नुसता आकडा लिहायचा नाही, प्रकार लिहायचा.

३ ऑक्टोबर

घटस्थापना. सकाळी घट बसवून झाल्यावर रेकॉर्डिंग. शब्द ७४. थांबे १३. मराठी ३. चुका १८, त्यात शब्दक्रमाची एकही नाही.

रात्री बातमी आली, मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. खूप बरं वाटलं. सकाळी मी दोन मिनिटं इंग्रजीत धडपडत होतो आणि रात्री आपल्या भाषेची ही बातमी. शाळेत गुरुजी इंग्रजीला वाघिणीचं दूध म्हणायचे आणि आम्ही घाबरायचो. पण या चार महिन्यांत मला मराठीच जास्त दिसायला लागली आहे. आपण 'आम्ही' आणि 'आपण' वेगळं म्हणतो, ऐकणारा धरून की सोडून ते त्यातच कळतं. इंग्रजीत दोन्हीला 'वुई'. कस्टमरशी बोलताना 'वुई विल चेक' म्हटलं तर कोण तपासणार, आम्ही की आपण सगळे, ते वेगळं सांगावं लागतं. चाळीस वर्षं मराठी बोलतोय, ही सोय आपल्याकडे आहे हे मला इंग्रजीने दाखवलं.

२२ ऑक्टोबर

कस्टमरकडची ती क्वालिटी इंजिनिअर पोलंडची आहे. आजच्या मीटिंगला मी मागे बसून नुसतं ऐकत होतो आणि एकदम ध्यानात आलं की ती काही ठिकाणी 'द' टाकतच नाही. 'प्लीज सेंड रिपोर्ट', 'चेक डायमीटर ऑफ शाफ्ट.' घरी येऊन पाहिलं तर पोलिश भाषेतही आपल्यासारखंच 'अ' आणि 'द' नाहीत. इंग्रजीत सगळ्यांत जास्त वेळा येणारा शब्द म्हणे 'द' आणि नेमका तोच आम्हा दोघांकडे नाही.

ती तिच्या चुकांसकट झपाझप बोलते. कुणी तिला थांबवत नाही. काम पुढे सरकतं.

दुसरी गोष्ट मात्र मला उशिरा, जेवताना सुचली : तिच्या बोलण्यात 'द' नाही हे मला ऐकू आलं. मे महिन्यात मला तिचं वाक्यच ऐकू येत नव्हतं.

७ नोव्हेंबर

दिवाळीचे बारा दिवस सराव नाही. शब्द ८८, थांबे १०, मराठी २, चुका १६. खाडा होऊनही आकडा वर. का ते कळत नाही, नोंदवून ठेवतो.

५ डिसेंबर

आजची नोंद मोठी होणार आहे.

शब्द ८५. थांबे ११. मराठी १. चुका २१. ऐकताना पुन्हा तीच मरगळ आली. सहा महिने झाले आणि एकवीस चुका. जूनला नऊ होत्या! शब्द वाढले ते ठीक, पण माझं बोलणं बिघडतच चाललंय की काय?

आमच्याकडे एखाद्या रीडिंगची शंका आली तर पहिल्यांदा पार्टवर संशय घ्यायचा नाही. मास्टर पीस काढायचा, ज्याची साइज बदलणं शक्य नाही, आणि तो त्याच हत्याराने पुन्हा मोजायचा. मास्टरचं रीडिंग बदललं तर बदल हत्यारात आहे. ही सवय हाडात मुरलेली आहे, तरी स्वतःच्या बाबतीत ती सुचायला सहा महिने लागले.

जूनची फाइल लावली. जुनी वही मिटून ठेवली आणि पहिल्यापासून उतरवून चुका मोजल्या.

सव्वीस.

पुन्हा मोजल्या. सव्वीसच. जूनमध्ये मी त्याच दोन मिनिटांत नऊ मोजल्या होत्या.

फाइल तीच. एका अक्षराचा फरक नाही. सतरा चुका तेव्हाही तिथेच होत्या, मला त्या ऐकू येत नव्हत्या. 'देन मशीन स्टार्ट, शाफ्ट टर्निंग' हे मला जूनमध्ये बरोबर वाटलं होतं, आज तिथे 'इज' नाही, 'द' नाही, हे दगडासारखं कानाला लागतं. 'डेप्थ'ला मी 'डेप्त' म्हटलंय. 'साइझ'ला 'साईज', त्यातही 'जीवन'मध्ये म्हणावं तसा तालव्य ज.

म्हणजे वहीतली चुकांची ओळ मी जी वाचत होतो – नऊ, दहा, बारा, एकोणीस, अठरा, सोळा, एकवीस – ती सगळी वेगवेगळ्या हत्यारांनी घेतलेली होती. जूनच्या कानाला नऊ दिसल्या, डिसेंबरच्या कानाला एकवीस. आजच्या कानाने दोन्ही मोजलं तर : जूनला ६१ शब्दांत सव्वीस, आज ८५ शब्दांत एकवीस. तेव्हा दर दोन-अडीच शब्दांमागे एक, आज चार शब्दांमागे एक.

तोंड सुधारत होतं. कान त्याहून जास्त वेगाने बारीक होत होता. आणि मी रोज आजच्या कानाने आजचं तोंड ऐकून म्हणत होतो, काही फरक पडत नाही. मागचे तिन्ही प्रयत्न याच जागी संपले असावेत असं आता वाटतं. तेव्हा मास्टर ठेवला नव्हता, त्यामुळे परत मोजायला काहीच हाताशी नव्हतं.

दुपारी जेवण गेलं नाही, पण दुःखाने नाही. बायकोला दोन्ही फाइली ऐकवल्या. तिला इंग्रजी समजत नाही. ती म्हणाली, "पहिल्यात तुम्ही मार खाल्ल्यासारखे बोलताय."

८ डिसेंबर

नियम केला : दर तीन महिन्यांनी मास्टर परत मोजायचा, कॅलिब्रेशनच्या (हत्यारांच्या ठरलेल्या तपासणीच्या) स्टिकरवर पुढची तारीख असते तशी तारीख टाकून. पुढची : ६ मार्च.

२ जानेवारी २०२५

शब्द १०१. थांबे ११.

नोव्हेंबरपासून थांबे कमी होत नाहीत म्हणून कुठे कुठे थांबलो ते लाल पेनाने खुणावलं. जूनच्या उताऱ्यात लाल खुणा शब्दांच्या मधोमध आहेत : 'द... शाफ्ट... इज... इन...' हरवलेल्या प्रत्येक शब्दापाशी मी उभा. आजच्या उताऱ्यात अकरापैकी आठ खुणा वाक्य पुरं झाल्यावर आहेत. 'आफ्टर दॅट वुई वॉश द शाफ्ट', मग थांबा, मग पुढचं वाक्य. मराठीत बोलतानाही मी असाच थांबतो, पुढे काय सांगायचं ते ठरवायला. आकडा सतराचा अकरा झालाच, पण त्याहून मोठं म्हणजे जागा बदलली. नुसती बेरीज केली असती तर हे हातातून निसटलं असतं.

६ फेब्रुवारी

शब्द १०८. थांबे ९. मराठी नाही. पहिलं शून्य.

१८ फेब्रुवारी

आज मी बोललो.

पुन्हा बरचीच तक्रार, या वेळी की-वेच्या (शाफ्टवरच्या खाचेच्या) कडेला. साहेब दुसऱ्या ऑडिटमध्ये अडकले होते, म्हणाले, "तू सुरुवात कर, मी येतो." समोर तीच पोलिश बाई. मी फोटो दाखवला आणि सांगितलं की बर की-वे कटिंगनंतर येते, डिबरिंगला, म्हणजे बर काढायला, लागणारा ब्रश झिजला होता, बदलण्याची वेळ ठरलेली नव्हती. निदान मला वाटलं की मी हे सांगितलं. ती गोंधळली. "प्रॉब्लेम इज इन बार? रॉ मटेरिअल?"

क्षणभर पोटात गोळा आला. मे महिन्याची मीटिंग समोर उभी राहिली. मग कळलं, माझी 'बर' तिला 'बार' ऐकू आली. आपण दोन्ही 'आ'च्याच कुळात म्हणतो, एक आखूड, एक लांब. इंग्रजीत 'बर'चा स्वर निराळाच आहे, तो आपल्याकडे नाही. मी म्हणालो, "नो, नो. नॉट बार. रॉ मटेरिअल इज ओके. बर. बी, यू, आर, आर. स्मॉल शार्प मेटल ऑन द एज." आणि नखाने शाफ्टची कड खरवडून कॅमेऱ्यासमोर धरली. ती म्हणाली, "आ, बर! येस, येस." आणि तिने लिहून घेतलं.

साहेब आले तेव्हा आम्ही ब्रश किती पीसनंतर बदलायचा यावर बोलत होतो. ते खुर्चीत बसले आणि मध्ये पडले नाहीत.

त्या दहा मिनिटांत मी कितीतरी चुका केल्या असतील. मोजल्या नाहीत, रेकॉर्डिंगही नाही. पण गोंधळ झाला आणि तो मी इंग्रजीतच निस्तरला. वहीत यासाठी रकानाच नव्हता. आता केला : 'अडकलो आणि सुटलो'. आजचा आकडा एक.

६ मार्च

शब्द १२१. थांबे ८. चुका १९. मास्टर परत मोजला : २९. कान अजून बारीक झाला.

१० मार्च

काल दुबईत चॅम्पियन्स ट्रॉफीची फायनल. न्यूझीलंड २५१, आपण चार विकेट राखून एक ओव्हर बाकी असताना जिंकलो, जडेजाच्या चौकाराने. सामना सगळ्यांबरोबर पाहिला, आणि आज बसमध्ये ठरल्याप्रमाणे शेवटची ओव्हर फोन पालथा ठेवून ऐकली. पूर्ण समजलेली वाक्यं अकरा. जूनला चार होती. ओव्हर वेगळी, बोलणारे वेगळे, त्यामुळे हे रीडिंग मी कच्चंच धरतो. पण एक गोष्ट पक्की : या वेळी एक कॉमेंटेटर खेळपट्टी संथ का झाली याचं कारण देत होता आणि मी ते पुरतं ऐकलं. कारण देणारं वाक्य.

३ एप्रिल

पाडवा रविवारी झाला, म्हणजे मुदत संपली. आज पहिला गुरुवार म्हणून सवयीने नऊला वर गेलो. शाफ्टचं रेकॉर्डिंग केलं : १२६ शब्द. मुलगी दारात उभी राहून ऐकत होती. म्हणाली, "पप्पा, हे तर तुम्हाला पाठच झालंय."

तिचं बरोबर आहे. प्लग गेजची गो बाजू हजारो भोकांत जाऊन जाऊन झिजते आणि मग खोटं बोलायला लागते. दहा महिने एकच विषय सांगून माझंही तेच झालं असणार. १२६ मधले किती शब्द इंग्रजीचे आणि किती पाठांतराचे, ते या गेजने सांगता येणार नाही. हे गेज बाद.

नवीन विषय हवा, ज्याला मी कधी हात लावला नाही. खाली आई भाकऱ्या करत होती. ठरलं : भाकरी कशी करतात.

आधी खाली जाऊन दहा मिनिटं नुसतं बघितलं. काठवटीत ज्वारीचं पीठ, मध्ये खळगा, त्यात गरम पाणी. तळहाताने रगडून मळणं. गोळा पिठात घोळवून एका हाताने थापणं, दुसऱ्या हाताच्या बोटांनी कड सांभाळणं, भाकरी थापता थापता आपोआप फिरते. तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात. उलटणं. मग तवा बाजूला, सरळ जाळावर, आणि ती टम्म फुगते.

वर आलो, फोन सुरू केला. 'माय मदर टेक्स... ज्वारी फ्लोअर...' 'स' आपोआप आला. 'काठवट' तशीच सांगितली. 'थापणं'पाशी अडकलो, मग म्हणालो, 'शी हिट्स इट व्हेरी सॉफ्टली विथ हर हँड अँड इट बिकम्स बिग अँड राउंड.' 'पाण्याचा हात' काही केल्या सांगता येईना. 'टम्म'ला शब्दच नाही, गाल फुगवले, मग आठवलं की रेकॉर्डिंगमध्ये गाल दिसत नाहीत.

शब्द ८३. थांबे १५. मराठी ७. अडकलो आणि सुटलो २. चुका १७, एप्रिलच्या कानाने.

फाइलला नाव दिलं 'मास्टर २, भाकरी'. पुढचं रीडिंग १ मे, गुरुवार.